मनोऱ्याचा भार आणि सरदारांचा पाट

सरदार भुजंगरावांना हत्ती वळवायला अंगण ऐसपैस हवं होतं. म्हणून पाया भरून झाल्यावर त्यांनी हुकूम सोडला, की मनोरा पायाच्या मधोमध नको, पार कडेला उभारा. कोंडाजी गवंड्याने हात जोडून तीनदा विनवलं, की सगळा भार एका कडेला आला तर खालची माती तिकडेच दबेल आणि मनोरा कलेल.

"नुसतं सरकवल्याने वजन वाढतं काय रे?" सरदार गुरकावले. "आणि कललाच, तर तुझं डोकं उडवीन."

कोंडाजीने मान डोलावली. मुहूर्ताच्या पूजेला त्याने ओल्या मातीवर रुंद पाट मांडला. सरदार मधोमध बसले, पाट जागचा हलला नाही.

"सरकार, जरा कडेला सरकता? मधे कलश ठेवायचाय."

सरदार सरकले मात्र, पाटाची ती कड चिखलात रुतली आणि स्वारी पागोट्यासकट आडवी झाली.

"वजन तेच, सरकार," कोंडाजी हात देत म्हणाला, "पाटही तोच."

चिखल पुसता पुसता सरदारांना हसू फुटलं. "गाढवा, हे तोंडाने सांगायचं होतंस."

"तीनदा सांगितलं, सरकार. पण तुम्ही ऐकलंत ते मातीचं."

मनोरा मधोमध उभा राहिला आणि हत्तीला उलट्या पावली चालायला शिकवण्यात आलं.