विहिरीकडचा वाटा

१९८६ साल. वैशाखाचा शेवटचा आठवडा.

“सही करणार का नाही, तेवढं सांगा अप्पा.”

बसगोंडाने पुन्हा विचारले. मठाच्या पडवीत विरूपाक्ष अप्पा बसले होते. पुढ्यात बसगोंडाचे मृत्युपत्र होते. वकिलाने टाइप करून दिलेले. एका साक्षीदाराची सही झाली होती. दुसऱ्याची जागा मोकळी होती.

अप्पांनी कागदाला हात लावला नाही.

“माझीच कशाला?”

“पोरं तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. माझ्या आहेत. परवा पाण्याच्या पाळीवरून थोरल्यानं धाकट्यावर खुरपं उगारलं. मी मधे पडलो म्हणून...”

त्याने मनगटाची पट्टी धोतराच्या सोग्याखाली झाकली.

“मी डोळे मिटले की एक मरणार, एक तुरुंगात जाणार. तुमच्या सहीचा कागद पाहिजे.”

गावातला सगळ्यात हिरवा पानमळा बसगोंडाचा. त्याचे विड्याचे पान पुण्यापर्यंत जात असे. हे तो कुणाला विसरू देत नसे. 

“काय लिहिलंस?”

“मळ्याचे दोन वाटे केले. विहिरीकडचा थोरल्याला. माळाकडचा धाकट्याला.”

“वाटे केले कोणी?”

“मी.”

“उचलले कोणी?”

“त्यात उचलायचं काय? लिहून टाकलं.”

अप्पांनी प्रसादाच्या ताटातला गुळाचा खडा त्याच्यापुढे ठेवला.

“दोन कर. एक तुझा, एक माझा.”

बसगोंडाने खडा पायरीच्या दगडावर आपटला. एक तुकडा मोठा निघाला, एक लहान. लहान त्याने अप्पांपुढे सरकवला.

अप्पांनी हात पुढे केला नाही.

“घ्या की.”

“मी अजून उचललेला नाही.”

बसगोंडाने दोन्ही तुकड्यांकडे पाहिले.

“तुमच्यात रीत काय आहे?”

“थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला वाटे सारखे करतो. गावात शेंबडं पोर सांगेल. मला काय शिकवता, अप्पा?”

“मग तुझ्या धाकट्याला ताप आलाय काय?”



वाऱ्याने कागदाचा कोपरा उडत होता. बसगोंडाने त्यावर हात ठेवला.

“कल्लाप्पानं सांगितलं?”

“तो तुझं नावसुद्धा काढत नाही. गाव सांगतं.”

कल्लाप्पा बसगोंडाचा धाकटा भाऊ. बापामागे वाटणी झाली, त्या दिवशी तो तापाने घोंगड्याखाली पडला होता. बसगोंडाने वाटे केले. मग पंचांपुढे म्हणाला, त्याच्या वतीनं मीच उचलतो. आणि त्याच्यासाठी माळाकडचा उचलला. पाण्यावाचून कल्लाप्पाचा मळा लवकरच जळाला. तेव्हापासून तो लोकांच्या मळ्यात पाने खुडत होता.

“पंच बसले होते. कुणी हरकत घेतली नाही.”

“नाही घेतली.”

“बरा झाल्यावर तोही काही बोलला नाही.”

“नाही बोलला.”

“मग?”

अप्पा गुळाकडे बघत राहिले.

“भावावर मी कधी खुरपं उगारलं नाही, अप्पा!”

“तशी वेळच आली नाही. तो आजारी होता.”

बसगोंडा ताडकन उठला. कागद मुठीत धरला.

“सही दुसरा कुणीही करील.”

“करील.”

तो पायऱ्या उतरला. अंगणात ऊन भाजत होते. तिथेच तो उभा राहिला... बराच वेळ.

पायताण पायरीशी होते. ते न घालताच तो चालू लागला. पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. पण त्याचा मळा ओढ्याच्या अलीकडे होता. तो ओढा ओलांडून गेला. तिकडच्या मळ्यात कल्लाप्पा खुडणीला होता.

ऊन कलल्यावर दोघे आले. एकापाठोपाठ एक, मधे अंतर ठेवून. कल्लाप्पा पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसला. अंगठ्याला पाने खुडायची पत्र्याची नखी तशीच होती.

बसगोंडा भिंतीकडे बघत बोलला.

“बापाच्या वाटणीचे दोन वाटे. विहिरीकडचा एक. माळाकडचा एक. उचल.”

कल्लाप्पा हसला.

“आत्ता? केस पिकल्यावर? का पोरांनी घराबाहेर काढलं तुला?”

“उचल म्हणतो ना.”

“विहिरीकडच्यात तुझ्या वेली उभ्या आहेत.”

“दिसतंय मला.”

“पाण्याला बसवलेली मोटार तुझी.”

“तेही दिसतंय. तुझी वस्ती माळाकडं आहे, तुला तोच सोयीचा असला तर तुझ्या वतीनं मी...”

“आज मला ताप नाही, अण्णा.”

 अप्पांच्या हातातली जपमाळ थांबली.

कल्लाप्पाने अंगठ्याची नखी काढली. खिशात ठेवली.

“विहिरीकडचा,” तो म्हणाला.

  बसगोंडाचा हात कमरेच्या करदोड्याकडे गेला. मोटारघराची किल्ली तिथे बांधलेली असे. झोपतानाही तो ती काढत नसे. गाठ जुनी होती. सुटेना.  कल्लाप्पा बघत होता. उठला नाही.

शेवटी सुटली.

बसगोंडाने किल्ली भावापुढे ठेवली. कल्लाप्पाने ती उचलून आपल्या करदोड्याला बांधली, दोनदा ओढून पाहिली.

“येतो, अप्पा.”

तो गेला. बसगोंडाने मृत्युपत्र फाडले. तुकडे हातातच राहिले.

“आता माझ्याकडं माळच उरला. पोरांना तो कसा वाटू?”

अप्पांनी गुळाचा मोठा तुकडा उचलला. लहान त्याच्याकडे सरकवला.

“उद्या दोघांना इकडं पाठव. गूळ आहे.”