तिसरा सांधा

“मग माझा नंबर कधी ठोकणार, उस्ताद?”

हिंदुरावने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर उस्ताद चहा पीत राहिले.

मिरजेजवळच्या त्यांच्या शेडमध्ये ओढ्यावरच्या पायपुलाचा लोखंडी गर्डर तयार होऊन पडला होता. वेल्डिंगमध्ये हिंदुरावचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. निदान हिंदुराव तरी तसंच सांगत असे. पण शेडची एक रीत होती. उस्तादांनी कान लावून ऐकल्याशिवाय कारागिराचा नंबर लोखंडावर ठोकला जात नसे, आणि नंबराशिवाय काम बाहेर जात नसे. उद्या सकाळी ट्रक येणार होता.

उस्ताद उठले. चाळीस वर्षं ठिणग्या बघून त्यांची नजर अधू झाली होती. चाचपत ते गर्डरच्या टोकाशी गेले आणि लोखंडाला कान लावून उभे राहिले...

बराच वेळ.

“ये. तू पण ऐक.”

हिंदुरावला हसू आलं. भर दुपार, वीज गेलेली, सगळी मशिनं गप्प. ऐकायचं काय? म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणून त्याने कान टेकवला.

आधी काहीच नव्हतं. मग पावलं वाजली.

तो दचकून मागे वळला. शेडमध्ये दोघंच होते. त्याने पुन्हा कान लावला. जड वहाणा चालत होत्या, त्यांच्यामागे काठी टेकत कुणीतरी, आणि मधूनच पैंजण वाजवत एक लहान पोर पळत होती.

“कोण आहेत हे?”

“पूल अजून कुठं उभा राहिलाय...” उस्ताद म्हणाले. “पुढं सरक.”

कान न काढता हिंदुराव सरकत गेला. पहिला सांधा मागे पडला, मग दुसरा. पावलं बरोबरीने येत होती. तिसऱ्या सांध्यापाशी तो थांबला.

दिसायला तो सगळ्यांत देखणा सांधा होता. तिथे फट जास्त राहिली होती. हिंदुरावने घाईत तिच्यात सळीचा तुकडा कोंबला, वरून वेल्डिंग ओढलं आणि रंगाचा हात मारला होता. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने सांध्याच्या पलीकडे कान लावला.

काहीच नाही. पैंजणसुद्धा नाहीत.

त्याला फार भीती वाटली, आणि लाजही वाटली.

“उस्ताद... पडले का हो ते?”

नंबर ठोकायचा हातोडा उस्तादांनी त्याच्या हातात दिला. दुसऱ्या हातात मात्र नंबर उमटवायचा पंच दिला नाही, छिन्नी दिली. मग वाकून त्यांनी पुन्हा कान लावला.

“नाही... तुझ्या सांध्याशी उभे आहेत. ती पोर विचारतीय, येऊ का म्हणून.”