पहिलं 'पुरे'

गिरगावात वत्सलाबाई टिपणिसांच्या खाणावळीसमोर रावसाहेब खोतांनी झकपक भोजनालय काढलं, गल्ल्यावर स्वतःच्या आईला बसवलं आणि दारावर पाटी लावली: 'अगदी घरच्यासारखं जेवण'. वत्सलाबाईंची गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. वर रावसाहेबांनी भर रस्त्यात त्यांना आव्हान दिलं, "आमच्याकडे घरच्यापेक्षा काय कमी आहे ते दाखवा, पाटी उतरवतो. नाही दाखवता आलं, तर तुमची खाणावळ बंद करा."

वत्सलाबाई जेवायला बसल्या. आमटी झक्क होती, पोळी मऊसूत होती. बाईंनी तसं कबूलही केलं. रावसाहेब मिशीतल्या मिशीत हसले.

शेवटी वाढपी श्रीखंड घेऊन आला. बाईंनी ताटावर आडवा हात धरला आणि त्या म्हणाल्या, "पुरे." वाढपी अदबीने पुढच्या पानाकडे वळला.

बाई हात धुऊन आल्या. "उतरवा पाटी."

"का म्हणून?" रावसाहेब तडकले. "श्रीखंड तुम्हीच नको म्हणालात!"

"म्हणाले ना. पण घरी पहिलं 'पुरे' कोण ऐकतं?"

रावसाहेबांनी गल्ल्याकडे पाहिलं. आईने शिडी आणायला माणूस आधीच पाठवला होता.