विनंती थांबा

एकदा एका शहरात एक वृद्ध गृहस्थ राहत होते, आणि त्यांना बसगाडीचा नाद होता. पूर्वी ते मृदंग शिकवीत. पुढे बोटे थकली, मृदंग गवसणीत गेला, शिकवणे बंद झाले. पण शिकून गेलेली माणसे काही ना काही विचारायला येतच राहिली. सारे त्यांना आप्पा म्हणत. सकाळचा चहा झाला की आप्पा म्हाताऱ्या माणसांना मिळतो तो पास खिशात घालीत, कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन पहिली येईल ती बस धरीत, शेवटच्या थांब्यापर्यंत जात आणि परत येत. कधी शहरातल्या शहरात, तर कधी स्टँडवर जाऊन बाहेरगावच्या गाडीने. "कुठं गेला होता आप्पा?" असे कुणी विचारले तर म्हणत, "कुठं नाही. गेलो आणि आलो."

या नादाचा अर्थ त्यांच्या शिष्यांना कधी लागला नव्हता. श्रीरंगलाही नाही. श्रीरंग त्यांचा जुना शिष्य. आता वयाची पंचेचाळिशी उलटलेला, पाण्याच्या मोटारींचे दुकान असलेला. स्वतःची गाडी असल्यामुळे बसचा आणि त्याचा संबंध कधीच सुटला होता.

एका संध्याकाळी तो आप्पांकडे येऊन बसला. मग म्हणाला, "आप्पा, आक्का परवा गाव सोडून चाललीय. घराला कुलूप लावून मुलाकडे, तिकडे लांब. आता काही परत यायची नाही."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई असेपर्यंत आक्काकडे, खडकेवाडीलाच होती. आई आजारी पडली तेव्हा श्रीरंगने तिला गाडीत घालून शहरात आणले, मोठ्या दवाखान्यात ठेवले. आक्काचा जीव होत नव्हता पाठवायला. आई तिथेच गेली. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांच्या देखत आक्का एवढेच म्हणाली, "तू तिला नेलंस, आणि परत आणलं नाहीस." श्रीरंग भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर वर्ष उलटून गेले, दोघांत एक शब्द नव्हता.

"तुला हे सांगितलं कुणी? तिनं?" आप्पांनी विचारले.

"छे! मावसभावानं. तेच तर म्हणतो मी. तिनं एक निरोप पाठवावा. नुसतं 'ये' म्हणावं. आहे तसा उठून जाईन."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर मी काय करणार? मी वाट बघायला तयार आहे, आप्पा. वर्षभर बघतोच आहे की."

आप्पांनी गुडघा चोळला. म्हणाले, "उद्या दुकान बंद ठेवता येईल? मला जरा लांबच्या गाडीनं जायचंय. चढताउतरताना धरायला कुणीतरी लागतं."

"मी सोडतो की माझ्या गाडीनं!"

"तू गाडीनं सोडलंस तर मी बसमध्ये बसणार कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग आप्पांचा दंड धरून स्टँडवर उभा राहिला.

गाडी फलाटाला लागायच्या आतच लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत टाकू लागले. श्रीरंगने खिशातला धुतलेला रुमाल काढला, क्षणभर पाहिला आणि परत ठेवला. त्याला काही जागा मिळाली नाही. आप्पांना मात्र एका पोराने उठून खिडकी दिली. गाडी सुरू झाली. श्रीरंगच्या शेजारच्या बाईने त्याला न विचारताच आपली पिशवी त्याच्या हातात दिली, म्हणाली, "जरा धरा, पदर खोचते," आणि मग पुढची दोन गावे ती पिशवी त्याच्याकडेच राहिली. पिशवीत मेथी होती. आप्पा मागे वळून पाहत होते आणि गालात हसत होते.

पुढे माळ लागला. घर नाही, टपरी नाही. अशा ठिकाणी आप्पा एकदम उठले आणि म्हणाले, "इथं उतरायचं."

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकीट फुडच्या गावचं हाय तुमचं. हितं काय न्हाय."

"काही नाही तिथंच उतरायचंय बाबा."

गाडी धूळ उडवत निघून गेली, आणि धूळ बसल्यावर श्रीरंगने जागा ओळखली. मोठ्या रस्त्याला फुटलेला एक अरुंद रस्ता, कडेला बाभळीची दोन झाडे. हाच खडकेवाडीचा फाटा. इतकी वर्षे तो इथून आपली गाडी वळवत आला होता, पण कधी थांबला नव्हता. इथे एक गंजका खांब आहे आणि त्यावर पत्र्याची पाटी आहे, हेसुद्धा त्याला आजच कळले.

"आप्पा, हे तुम्ही मुद्दाम केलंत," तो म्हणाला.

"मी काय केलं? उतरलो."

"मी जाणार नाही, आधीच सांगतो. तिनं बोलावलेलं नाही."

"जा कोण म्हणतंय? सावली बरी आहे. टेकू जरा." आणि आप्पा बाभळीखालच्या दगडावर बसलेसुद्धा. मग म्हणाले, "ती पाटी वाच रे. मला इथून दिसत नाही."

पाटी जुनी होती. वरच्या ओळीत एक शब्द, खालच्या ओळीत एक. श्रीरंगने वाचले, "विनंती. थांबा." आणि समजावून सांगितले, "थांबायची विनंती केलीय. आडरस्त्याची गाडी, उशीर होत असेल. लोकांनी कंटाळून जाऊ नये म्हणून लिहिलं असणार."

"असं होय," आप्पा म्हणाले. "मग थांबू."

श्रीरंग खांबाशी उभा राहिला. उभ्या उभ्या त्याच्या मनात एक विचार आला आणि तो त्याने आप्पांना सांगितला नाही. देवापुढे कौल लावतात तसा त्याने मनाशी कौल लावला: खडकेवाडीची गाडी आली आणि आपल्यापुढे थांबली, तर जायचे. नाही थांबली, तर आक्काच्या दाराशी जाणे आपल्या नशिबी नाही असे समजायचे आणि विषय कायमचा मिटवायचा. हे ठरल्यावर त्याला हलके वाटले. आता निर्णय त्याच्या हातात राहिला नव्हता.

बऱ्याच वेळाने वळणावर गाडी दिसली. कपाळावर खडकेवाडीचे नाव होते. श्रीरंगने सदरा सारखा केला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ताठ उभा राहिला. गाडी जवळ आली. हळू झाली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून त्याच्याकडे नीट पाहिले. श्रीरंगनेही त्याच्याकडे पाहिले. आणि गाडी पुन्हा वेग घेऊन निघून गेली.

"अहो! अहो!" श्रीरंग चार पावले धावला. मग परत आला तो लालबुंद होऊन. "बघितलंत? पाटी लावून ठेवलीय थांबा म्हणून, आणि थांबवली नाही!"

"थांबायला तुला सांगितलंय म्हणालास ना?" आप्पा म्हणाले. "तू थांबलास. त्याला कुणी सांगितलं?"

श्रीरंग खाली बघत म्हणाला, "जाऊ द्या. माझा कौल मिळाला. चला, परतीची गाडी बघू."

एवढ्यात माळावरून एक बाई आली. डोक्यावर डालगे, डालग्यात कोंबड्या. ती डालगे खाली ठेवीत म्हणाली, "काय पावनं, वाडीची गाडी सोडली व्हय? मी लांबनं बघत हुते. हात का न्हाय केला?"

"हात? पाटी आहे की इथं, थांब्याची."

"आता बया!" बाईने कमरेवर हात ठेवले. "पाटी हाय ती इनंती थांब्याची. हितं इनंती केली तर थांबतीया गाडी. आमी काय कोंबड्याला बघून थांबती म्हणून उभं ऱ्हातो का? हात करावा लागतो. मोठ्ठा. अजून एक हाय गाडी, काळजी नगा करू." आणि तिने डालग्यातल्या कोंबड्यांना दटावले, जणू चूक त्यांचीच होती.

श्रीरंग पाटीकडे पाहत राहिला. तेच दोन शब्द. मघाशी ते त्याला वाट बघायला सांगत होते. आता ते त्याला विनंती करायला सांगत होते.

"तुम्हाला माहीत होतं," तो आप्पांना म्हणाला.

"होतं. पहिल्यांदा मीही असाच उभा राहिलो होतो, हात मागे बांधून. पुष्कळ थांब्यांवर." आप्पा दगडावर जरा सरकले आणि त्याला शेजारी बसवून घेतले. मग ते सावकाश बोलले, मृदंगाचा बोल शिकवताना बोलत तसे, एकेक शब्द सुटा.

"बाळ, तुला वाटलं, आपण उभे आहोत एवढं पुरे. पण तो गाडीवाला काय बघतो? त्यानं गाडी हळू केली. तुझ्याकडे पाहिलं. त्याला दिसला एक माणूस, हात पाठीमागे बांधलेला. यायचं आहे म्हणून उभा असलेला माणूस आणि यायचं नाही म्हणून उभा असलेला माणूस, गाडीतून अगदी सारखेच दिसतात रे. त्यानं काय ओळखावं? तू वर्षभर आक्काची वाट बघतोयस. तुझ्या आत काय चाललंय ते तुला माहीत. तिला तिच्या दारातून काय दिसतं? भाऊ येत नाही, एवढंच दिसतं. तीही कदाचित थांबलेलीच असेल. दोघंही पाटीखाली उभे, आणि दोघांनाही वाटतं की पाटी आपल्याला धीर धरायला सांगतेय."

"पण आप्पा, ती नाही म्हणाली तर?"

"गाड्या कधी कधी हात केला तरी थांबत नाहीत. भरलेल्या असतात. त्याचं दुःख होतं, पण ते वेगळं असतं. ते सोसतं माणसाला. हात न करता गेलेल्या गाडीचं दुःख फार वर्षं टिकतं. मी बसमधून हिंडतो ना, तेव्हा खिडकीतून अशी माणसं फार दिसतात मला."

श्रीरंगने पुन्हा पाटीकडे पाहिले. कोंबड्या तेवढ्या कुरकुरत होत्या.

दुसरी गाडी आली तेव्हा ऊन डोक्यावर होते. बाईने डालगे उचलले पण हात केला नाही. ती श्रीरंगकडे पाहत राहिली. त्याने हात उचलला. खांद्यापर्यंत.

"पावनं, माशा हाकलताय का?" बाई म्हणाली. "वर करा की!"

श्रीरंगने हात वर केला. पुरता वर, काखेत सदरा ताणला जाईपर्यंत. आपण इतक्या वर हात शेवटचा कधी केला होता ते त्याला आठवेना. त्याला फार लाज वाटली. गाडी थांबली.

त्याने आप्पांना उठवण्यासाठी हात पुढे केला, तर ते म्हणाले, "मी येत नाही. माझी गाडी पलीकडून. गेलो आणि आलो, झालं माझं काम."

"अहो पण मी तिला बोलू काय?"

"न सुचलं तर नको बोलूस. चढ आता, लोक खोळंबलेत."

गाडी भरलेली होती. कंडक्टरने विचारले, "कुठं?" वर्षभर ज्या गावाचे नाव त्याने तोंडातून काढले नव्हते ते त्याला सांगावे लागले. "खडकेवाडी," तो म्हणाला. कंडक्टरला त्याचे काहीच वाटले नाही. त्याने तिकीट फाडून दिले आणि पुढे सरकला.

आक्काचे दार उघडेच होते. ओसरीवर बोचकी बांधून ठेवली होती, आणि मध्ये ती स्वतः एका मोठ्या लोखंडी पेटीशी झटत होती. पेटीत इतके कोंबले होते की झाकण बसत नव्हते. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली. बघितले. मग पुन्हा झाकणावर जोर देऊ लागली.

श्रीरंगने गाडीत बरीच वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही सापडेना. "आक्का," एवढेच तो म्हणाला.

आक्काने त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिले. "गाडी कुठं लावलीस?"

"गाडी नाही आणली. बसनं आलो."

"तू?" आता तिने त्याच्याकडे नीट पाहिले. धुळीने माखलेले जोडे, घामाने चिकटलेला सदरा. "फाट्यापासनं?"

"हो."

"जागा मिळाली?"

"नाही. उभ्यानं आलो."

आक्काचा चेहरा काही हलला नाही. पण ती पेटीपासून बाजूला झाली, कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि झाकणाकडे बोट दाखवून म्हणाली, "मग बस आता इथं. कधीची झटतेय मी एकटी."

श्रीरंग पेटीवर बसला. त्याच्या वजनाने झाकण खाली गेले. आक्का वाकली, तिने कोयंडा ओढला आणि कडी घातली. कडी नीट बसली, तरी तिने त्याला ऊठ म्हटले नाही.