लाभ, दोन, तीन

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध गुरुजी बालशाळा चालवीत असत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्या अध्यापन शिकत होती. बुद्धी तल्लख, पण जिवाला स्वस्थता नाही. मूल जरा विचारात पडले, की हिचा पाय जमिनीवर थापट्या देऊ लागे.

गुरुजींनी अंकांसाठी स्वहस्ते एक चित्रांचे पुस्तक केले होते. पहिल्या पानावर हत्ती, दुसऱ्यावर मोरांची जोडी, तिसऱ्यावर तीन पोपट, असे पुढे वाढत जाणारे. शिष्येने ते कावेरीपुढे उघडले. कावेरी म्हणजे पेठेतल्या धान्यवाल्या शेठजींची नात.

"मोज बरं."

कावेरीने हत्तीवर बोट टेकवले. "लाभ."

"लाभ काय? एक म्हण."

कावेरीने पान उलटले. "लाभ, दोन."

"अगं, पुन्हा तेच! लाभ हा काय आकडा आहे?"

वर्ग हसला. कावेरीने बोट मुठीत लपवले.

आता आम्हां व्यापारी मंडळींना यात काही नवल नाही. धान्य मापताना पहिली पायली पोत्यात पडली, की 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. शुभ बोलून आरंभ करावा, एवढाच भाव. पोर दुकानात हेच ऐकत वाढलेली. शिष्या पडली नोकरदार घरातली, परगावची. तिला कुठून ठाऊक?

त्या दिवसापासून पुस्तक उघडले, की कावेरी हात पाठीमागे घेऊन बसे. शिष्येची तगमग वाढली. ती पाने भराभर उलटी, आवाज चढवी, आणि मूल अधिकच मिटून जाई. शेवटी तिने शेठजींना बोलावणे धाडले.

"शेठजी, हिला अजून एकसुद्धा कळत नाही. यंदा पहिलीत नको. पुन्हा लहान गटात बसवू."

शेठजींचा चेहरा उतरला. "मग शाळा तरी कशाला, बाई? दुकानात निदान हसते, बोलते. चल गं." त्यांनी नातीचा हात धरला.

"शेठजी, जरा थांबा," ओसरीवरून गुरुजी म्हणाले. आत येऊन त्यांनी जमिनीवर बैठक मारली, पुस्तक मांडीवर घेतले आणि पोपटांवर बोट नाचवीत मोठ्याने सुरुवात केली, "लाभ! दोन! तीन!"

शिष्या चकित झाली. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

तेवढ्यात कावेरी खुदकन हसली. "असं नाही काही! लाभ लांब म्हणायचं. लाऽऽभ!" तिचे बोट एका पोपटावरून दुसऱ्यावर टुणकन गेले. "दोऽन. तीऽन."

गुरुजींनी पुस्तक मिटले. "किती पोपट झाले?"

"तीन."

"आणि हत्ती किती होते?"

"एकच की! हत्ती कधी लाभ असतो का?"

शेठजी खो खो हसले. शिष्येचा पाय मात्र थापटायचा थांबला.

गुरुजी तिला म्हणाले, "तू 'मोज' म्हणालीस, तिनं मोजायला घेतलं. तिच्या घरी मोजणं लाभापासून सुरू होतं. 'किती' असं तू विचारलंच नाहीस. विचारतीस, तर एक तिच्यापाशी होताच. आकड्यांची नावं काय, शिकवला तर पोपटही म्हणेल. प्रत्येकावर एकदाच बोट ठेवायचं, कुणाला वगळायचं नाही, आणि शेवटचा शब्द ही सगळ्यांची मिळून संख्या, हे उमगणं अवघड. ते तिला उमगलेलं आहे. मुलाचं बोट कुठून कुठं जातं ते आपल्याला दिसावं, म्हणून मी चित्रं काढली. तू सारा वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिलीस."

"पण मग मोजताना एक म्हणायला कधी शिकवायचं?"

"झाली का पुन्हा घाई?"

शिष्या ओशाळून हसली. ती कावेरीशेजारी खाली बसली आणि तिने पुढचे पान उघडले. त्यावर बदके होती.

"आता तुम्ही मोजा, बाई," कावेरी म्हणाली.

शिष्येने पहिल्या बदकावर बोट ठेवले. क्षणभर ती अडखळली.

"लाऽऽभ," ती म्हणाली, आणि थांबली.

"हां, आता जमलं," म्हणत कावेरीने आजोबांच्या हातातून आपला हात सोडवला आणि दुसऱ्या बदकावर बोट टेकवले. शेठजी एकटेच दुकानाकडे निघाले.