मी घरच्या घरी ऑइल बदलतो

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. होता कसला, अजून राहतोय. तो मीच. मी गावात पत्रं वाटतो. पाकिटावर लिहिलंय ते वाचायचं, तिथेच नेऊन द्यायचं, मध्ये आपली अक्कल चालवायची नाही, ही माझी वीस वर्षांची सवय. नोकरीत तिचा फार उपयोग झाला. घरात तेवढा झाला नाही.

आमच्या दारातली गाडी माझ्या सासऱ्यांची. नानांनी सगळी उमर एसटी चालवली. रिटायर झाल्यावर घेतलेली ही गाडी त्यांनी आम्हाला वापरायला दिली, कारण माझी बायको नलिनी पापड करते आणि पापडाचे डबे तालुक्याच्या बाजाराला न्यायला दुसरं काही नव्हतं. देताना नाना एवढंच म्हणाले होते, "जपा तिला." परवा त्यांचा फोन आला. "ऑइल बदलायला झालंय. रविवारी येतो. बदललेलं नसलं, तर गाडी घेऊन जाईन."

नलिनी म्हणाली, "अहो, कंपनीच्या वर्कशॉपला नेऊन टाका."

"चार लिटर ऑइल ओतायचं, त्याला वर्कशॉप कशाला? तिथे एसीत बसवतात, चहा पाजतात आणि चहासकट बिल लावतात. मी घरीच बदलतो."

नलिनी पापड लाटायला आत गेली. तिथेच तिचं चुकलं.

रविवारी सकाळी मी ऑइलचा नवा डबा आणला आणि शेजारच्या गावच्या रज्जाक मेस्त्रींना फोन लावला. "येतो की दुपारी," ते म्हणाले. मी म्हटलं, "येऊ नका. फक्त सांगा. मी सांगितल्याप्रमाणे करणारा माणूस आहे."

मेस्त्री म्हणाले, "गाडी न्यूट्रलला टाका, इंजिन पाच मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग बंद करून खालचा, चेंबरचा नट सोडा."

मी तसंच केलं. नट सोडला. काळंकुट्ट ऑइल भसाभस खाली आलं आणि नलिनीनं पहाटे सारवलेल्या अंगणात पसरलं. थोडं माझ्या कानातही गेलं. दुसऱ्या कानाला फोन लावला.

"अहो दिगूभाऊ, आधी खाली भांडं ठेवायचं असतं!"

मी ते मनात पक्कं धरलं. आधी खाली भांडं.

आता नवं ऑइल ओतायचं होतं. मी घरातली मोठी परात आणून गाडीखाली ठेवली. मग वरचं झाकण उघडून अख्खा डबा ओतला. वाकून पाहिलं, तर सगळं ऑइल परातीत. एक थेंब बाहेर नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मेस्त्रींना कळवलं.

"खालचा नट लावला होता का?"

"तुम्ही सोडायला सांगितला होता. लावायला कुठे सांगितलं?"

मेस्त्री म्हणाले, "आधी खालचं बंद करायचं. मग वरून ओतायचं."

तेवढ्यात नलिनी बाहेर आली. "ती पापडाच्या पिठाची परात आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मी ते मनात पक्कं धरलं. आधी खालचं बंद. खाली सरपटत जाऊन नट आवळला. दुसरा डबा आणला. या वेळी सांडायला नको म्हणून नरसाळं घेतलं. नरसाळ्याला खाली भोक होतं. बरं झालं वेळेवर दिसलं. चिंधीचा बोळा करून ते गच्च बंद केलं आणि वरून ओतलं. नरसाळं भरलं. मी ओतत राहिलो. ऑइल इंजिनवर, बॅटरीवर, माझ्या चपलांवर, सगळीकडे गेलं. फक्त जिथे जायचं तिथे गेलं नाही.

मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आता मीच येतो. तुम्ही आतबाहेर, वरखाली जे काही घातलंय ना, ते सगळं काढून घ्या. आणि नंतर मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका. कुणालाच लावू देऊ नका."

मी ते मनात पक्कं धरलं. चिंधी काढली. नरसाळं काढलं. परात काढली. अजून काही घातलंय का म्हणून वाकून पाहिलं, तर चाकांखाली दोन दगड. मीच घातले होते. आमचं घर उतारावर, गाडीचा हॅन्डब्रेक नावापुरता, म्हणून रोज घालतो. तेही काढले. मग हात मागे बांधून उभा राहिलो.

गाडी हळूच निघाली.

समोरून नाना पिशवी घेऊन चढ चढत होते. "जावईबापू, गाडी सुटली. धरा तिला."

"मेस्त्रींनी हात लावू नका म्हणून सांगितलंय, नाना."

मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. वाटेतल्या कोंबड्या हाकलल्या, तेवढं माझ्या हातात होतं. नानांनी पिशवी टाकली आणि या वयात दाराकडे झेप घेतली. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, आत बसून ब्रेक दाबायला त्यांना दोन पळं पुरली असती. हात दारापर्यंत पोचलाही होता. पण मेस्त्री म्हणाले होते, कुणालाच लावू देऊ नका. मी मागून नानांच्या कमरेला मिठी घातली आणि सोडली नाही. दोघंही चिखलात बसलो.

गाडी खालच्या ओढ्यात गेली आणि दारांच्या काचांपर्यंत पाण्यात थांबली.

नलिनी पिठाच्या हातांनी धावत आली. ओढ्याकडे पाहिलं. "बुधवारी बाजार आहे," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

नाना उठले. धोतराचा चिखल झटकला, चष्मा पुसला आणि माझ्यापुढे हात केला. "किल्ली द्या. गाडी मी घेऊन जातो."

"किल्ली गाडीतच आहे, नाना," मी म्हटलं. "पण मेस्त्री येईपर्यंत थांबावं लागेल."