ओला थर

पक्षी आणि माती एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. कड्याच्या कपारीतलं पाकोळ्यांचं मातीचं घरटं बांधता बांधताच कोसळलं आणि थोरला भाऊ त्याखाली चिरडून मेला. वहिनीचे अंडी घालायचे दिवस भरत आले होते. पण धाकटा भिरभिऱ्या नवं घरटं बांधायला तयार होईना. आधी त्याला दगाबाज कोण ते शोधायचं होतं.

त्याने ओढ्याकाठच्या मातीला चोच मारली. "तूच सुटलीस ना गं?"

"गवताला विचार की," माती म्हणाली.

गवत फणकारलं, "मी जीव खाऊन धरलं होतं. चिखलाला किती धरणार?"

"म्हणजे कड्या, तूच अंग झटकलंस!"

कडा शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी थर किती चढवलेत?"

"तीन."

"मधे ते सुकू दिलेत?"

भिरभिऱ्याला तो दिवस आठवला. दादा म्हणत होता, 'आजचा थर वाळू दे रे.' आणि तो हसला होता, 'दादा, म्हातारा झालास का?' चिखलाचे गोळे तोच भराभर आणून देत होता.

"कळलं का कोण ते?" वहिनीने विचारलं.

"मीच, वहिनी."

"ठाऊक आहे मला," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर दुसऱ्या कुणाला बांधायला सांगितलं नाही."

भिरभिऱ्याने एकच थर लावला आणि तो वाळून पांढरा पडेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिला.